एकाच नंबरच्या दोन फायली

आमच्या घरातून कोर्टाची पायरी चढलेली मी पहिली, आणि तीही नोकरीसाठी. कनिष्ठ लिपिक म्हणून जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात रुजू झाले तेव्हा माझे वडील सोबत आले होते. ते गेटाच्या आत आलेच नाहीत. बाहेर चहाच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत बसून राहिले.

कार्यालयात आम्हा कारकुनांवर एक सहायक अधीक्षक होते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, चष्म्याची दोरी गळ्यात. त्यांनी पहिल्याच दिवशी मला दोन कपाटांच्या मधे उभं केलं. "हे दिवाणी, हे फौजदारी," ते म्हणाले. "दिवाणी म्हंजे माझं हाय, मला द्या. फौजदारी म्हंजे त्यानं केलं, त्याला सजा द्या. दोन्हीकडं नंबर एकपासून सुरू व्हतात, दरसाल. म्हणून नुसत्या नंबरावर कधी जाऊ नको. आधी दिवाणी का फौजदारी ते बघायचं, मंग नंबर."

मी मान हलवली. मला वाटलं, यात शिकण्यासारखं काय आहे?

काम हळूहळू हाताला लागलं. सकाळी त्या दिवशीच्या प्रकरणांचा बोर्ड लावायचा, फायली काढून आत न्यायच्या, काय झालं ते रोजनाम्यात आलंय का बघायचं, पुढची तारीख घ्यायची, समन्स बेलिफाकडे द्यायचे. आता तारखा कॉम्प्युटरवर चढतात, पण पक्षकारानं दाखल केलेला मूळ कागद हा शेवटी कागदच असतो. त्याला निशाणी क्रमांक पडतो, तो फायलीत लागतो आणि त्याची राखण आमच्याकडे.

असाच एक कागद होता निशाणी चौतीस. निजामाच्या काळातला, उर्दूत लिहिलेला, घड्यांवर विरलेला. तो एका साठीच्या बाईंच्या दाव्यात होता. त्यांचं सासर आष्टीकडं, माहेर आमच्या तालुक्यात. बापाच्या जमिनीत आपलाही हिस्सा आहे म्हणून त्यांनी सख्ख्या भावावर दावा केला होता. भावाचं म्हणणं, ही जमीन बापानं स्वतः घेतलेली आणि मरताना मला लिहून दिलेली. बाईंचं म्हणणं, जमीन आजोबापासूनची. आजोबाचं नाव असलेला तेवढा एकच कागद त्यांच्याकडे होता आणि तो त्यांनी कोर्टात दिला होता.

युक्तिवादाच्या दिवशी न्यायाधीश मॅडमनी तो कागद बघायला मागितला. फायलीत तेहतीस होती, पस्तीस होती. चौतीस नव्हती.

मी तिथंच उभी राहून फाईल तीनदा चाळली. वकील एकमेकांकडे बघू लागले. अधीक्षकांना आत बोलावलं. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, दोन दिवस द्या. कागद कोर्टातच आहे." मॅडमनी तिसऱ्या दिवसाची तारीख दिली.

बाहेर व्हरांड्यात मात्र गोंधळ सुरू झाला होता. बाई भावासमोर उभ्या राहून ओरडत होत्या. "तूच नेला! नकलेच्या नावाखाली कागद पाह्यला आन् गायब केला. बापाचं नाव घ्यायची लाज वाटू दे!" भाऊ पागोटं हातात घेऊन खाली बघत होता. तो म्हणाला, "अक्का, म्या न्हाई नेला." बाकीचे पक्षकार ऐकत होते. कोणाचाच त्याच्यावर विश्वास बसला नाही. खरं सांगते, माझाही बसला नव्हता. उलट भावानं नेला असेल तर मी सुटेन, असं क्षणभर वाटून गेलं.

अधीक्षकांनी मला टेबलासमोर बसवलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. "कागदाला पाय नसतात बेटा. कोणीतरी उचलतं तव्हाच तो हलतो. शेवटी कोणी उचलला, ते पाहू."

नकलांचं रजिस्टर काढलं. सात महिन्यांपूर्वी भावाच्या वकिलानं त्या कागदाची नक्कल मागितली होती. झेरॉक्ससाठी कागद फायलीतून काढल्याची सही माझी. परत लावल्याचीही माझीच. मग त्यांनी त्याच दिवसाचा बोर्ड काढला आणि बोट खाली खाली नेत एका ओळीवर थांबवलं. त्या दिवशी एक फौजदारी खटला निकाली निघाला होता. शेजारी शेजारी शेत असलेल्या दोघांची बांधावरून मारामारी, पुढं आपसात मिटलेली. त्या खटल्याचा नंबर आणि बाईंच्या दाव्याचा नंबर एकच. सालही एकच.

दोन्ही फायली त्या दिवशी माझ्या टेबलावर होत्या. मी नंबर बघितला आणि कागद लावून टाकला.

निकाल लागल्यामुळे फौजदारी फाईल केव्हाच जालन्याला जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं मी पत्र घेऊन निघाले. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला होता, वेचणीला बाया लागलेल्या. मी खिडकीतून बघत होते आणि डोक्यात एकच, नोकरी गेली तर आई पुन्हा अशीच वेचायला जाणार.

अभिलेख कक्षातल्या बाईंनी पत्र वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता पदर खोचला. गठ्ठा वरच्या फळीवर होता. शिडीवर त्या स्वतः चढल्या. फडकं सोडलं, फाईल उघडली, आणि मारामारीच्या पंचनाम्यामागं तो पिवळा उर्दू कागद निघाला. मी तिथंच रडले. त्या म्हणाल्या, "रडून घे, पण त्याच्यावर थेंब पाडू नको."

परत आल्यावर मी लेखी खुलासा लिहिला. चूक माझी, असं सरळ लिहिलं. अधीक्षकांनी तो वाचला आणि दुसरा कागद ओढून स्वतः लिहायला लागले. 'सदर फाईल अभिलेख कक्षात पाठवण्यापूर्वी पाने मोजून तपासल्याचे प्रमाणपत्र माझ्या सहीचे आहे. सबब चूक माझीही आहे.' मी म्हणाले, "सर, तुमची निवृत्ती जवळ आलीय. कशाला?" ते म्हणाले, "सही माझी हाय का न्हाई? मंग?"

मॅडमनी दोन्ही खुलासे वाचले. आम्हा दोघांना समज दिली. पुढं काही झालं नाही. पण आम्ही निघताना त्या मला म्हणाल्या, "त्या बाईंना आणि त्यांच्या भावाला कोण सांगणार?"

तिसऱ्या दिवशी मीच व्हरांड्यात गेले. बाई एका बाकावर, भाऊ दूरच्या बाकावर. मी बाईंपुढं हात जोडले. "मावशी, कागद सापडला. तुमच्या भावानं नव्हता नेला. माझ्या हातून चुकीच्या फायलीत गेल्ता."

त्या रागावतील म्हणून मी तयारीत होते. त्यांनी विचारलं, "म्हंजे त्यानं बिलकुल हात न्हाई लावला?"

"न्हाई."

त्या उठल्या, भावासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "म्या चार माणसांत तुह्यावर आळ घेतला. माही चूक झाली." भाऊ बाजूला सरकला आणि बाकावर त्यांना जागा करून दिली. दोघं तशीच बसून राहिली, पुकारा होईपर्यंत.

दावा मिटला मात्र नाही. युक्तिवाद झाले, निकालाची तारीख पडली. त्या तारखेला बाई आष्टीहून आल्या नाहीत, माहेराहून आल्या, भावाच्या मोटारसायकलवर मागं बसून. शिपायानं मला खिडकीतून दाखवलं. बाईंना हिस्सा मिळाला. भावानं अपील केलं नाही.

निकालाची नक्कल घ्यायला दोघं सोबतच आली. बाई म्हणाल्या, "पोरी, आमाला समजंल आसं वाचून दाखव." मी वाचत गेले आणि कोर्टाची मराठी मोडून सांगत गेले. आजोबाचं नाव आलं तिथं भावानं थांबवलं. "पुन्हा एकदा वाचा," तो म्हणाला. मी वाचलं. त्या उर्दू कागदावर आजोबाचं नाव आहे, हे समजेल अशा मराठीत त्यानं पहिल्यांदाच ऐकलं असावं.

अधीक्षक निवृत्त झाले तेव्हा मला चार शब्द बोलायला सांगितलं होतं. मला बोलताच आलं नाही. पुढच्या रविवारी वडिलांना घेऊन त्यांच्या घरी गेले. वडील या वेळी दाराबाहेर थांबले नाहीत. ते आत गेले, अधीक्षकांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "लेकीला सांभाळलं तुमी." अधीक्षक म्हणाले, "तिनं सोताच लिहून दिलं व्हतं. म्या नुसती सही केली." आणि त्यांनी आतल्या खोलीकडं बघून चहा ठेवायला सांगितला.