नवशाचा थोर

नवशा हा वारली आदिवासी. त्याचं शेत बोईसरच्या रस्त्यालगत होतं. बापाने कुणा शेटच्या गोड बोलण्याला भुलून अंगठा उठवला आणि चौसष्ट साली तिथे बंगला उभा राहिला. भात गेलं, खळं गेलं. उरलं फक्त बापाने शेताभोवती लावलेलं थोराचं कुंपण. पुरुषभर उंच, तीन धारांचे थोर, कापले की पांढरा चीक गळणारे. बापाची तेवढीच खूण म्हणून नवशा त्याच बंगल्यावर माळी राहिला. लोक म्हणत, येडा झालाय. झाला असेल, तुमच्या काय बापाचं गेलं?

बंगल्यात राहत इंजिनिअरसाहेब आणि त्यांच्या बायको नर्मदाबाई, मूळच्या नागपूरकडच्या. बाईंना परदेशी काटेरी झाडांचं भारी वेड. व्हरांड्यात अठरा कुंड्या. त्यांना त्या म्हणत कॅक्टस. एके सकाळी पालघरला निघताना त्या म्हणाल्या, "नवशा, पाहुणे यायचेत. तेवढं निवडुंग काढून टाक."

आता नवशाच्या पाड्यावर थोर म्हणजे थोर. निवडुंग म्हणजे तो चपट्या फड्यांचा, बाहेरून येऊन माजलेला. नवशाने कुंड्यांकडे पाहिलं, ही काटेरी झाडंही तसलीच बाहेरची, मनातून खूशच झाला, आणि अठराच्या अठरा उपटून उकिरड्यावर टाकल्या.

संध्याकाळी जे रामायण झालं ते काय सांगू!

"अरे, मी त्या गावठी कुंपणाचं बोलले होते."

"बाय, तो थोर हाय. निवडुंग नाय."

"सगळं एकच. नोकरी हवी असेल तर उद्या तूच तोडायचं."

घरात तीन पोरं. नवशाने बापाचा थोर स्वतःच्या कोयत्याने तोडला. मनगटावर चिकाचे फोड उठले. डोळे का लाल म्हणून बायकोने विचारलं, तर चीक उडाला म्हणाला. खोटं बोलला मेला, रडला होता.

दोन महिन्यांनी मुंबईहून गोणपाटात बांधलेली रोपं आली, नव्या कुंपणासाठी. नवशाने सुतळी सोडली आणि बघतच राहिला.

"बाय, ह्यो तं थोरच हाय. आमचाच."

"तुमच्या रानातला कुठला? चिठ्ठीवर इंग्रजी नाव आहे, बघ."

नवशाला कुठे वाचता येत होतं? त्याने बापाच्याच बांधावर एकेक खड्डा खणून रोपं लावायला घेतली. बाई व्हरांड्यातून लक्ष ठेवून होत्या.

"पाणी बेताने घाल हं. नाजूक जात आहे. तुम्हा लोकांना यातलं कळत नाही."

"हां बाय," नवशा म्हणाला आणि पुढचा खड्डा खणू लागला.