पर्सांची राखण

आमच्या मंडळीत प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. पाळकांनी बोलावलं की लोक बाकांवरून उठतात आणि वेदीपुढच्या कठड्याशी ओळीने गुडघे टेकतात. उठताना बाया आपापल्या पर्स माझ्या मांडीवर ठेवून जात. "जिज्जी, तुम तो बैठी ही हो, जरा देख लेना." बसलेली असायची हे खरंच होतं. मंडळीतली लहान मुलं आणि मी. कधी पर्सबरोबर एखादं तान्हं मूलही यायचं.

माझं दृढीकरण झालेलं नव्हतं. आम्हा लूथरन लोकांत बाप्तिस्मा तान्हेपणी होतो, पण प्रभुभोजनाची भाकर घेण्याआधी धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं पाठ करून सगळ्या मंडळीपुढे म्हणावी लागतात. मुलं ते चौदा-पंधराव्या वर्षी करतात. माझी शाळा चौथीत सुटली. आई आजारी, मी थोरली, म्हणून घर सांभाळलं. मग छिंदवाड्याकडून लग्न होऊन इकडे हिंदी मुलखात, नगऱ्याच्या रेल्वे वस्तीत आले. नवरा रेल्वेच्या कारखान्यात. इथे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. माझ्या मुलाचं दृढीकरण झालं त्या दिवशीही मी पर्सच सांभाळत होते.

नवे पाळक आले तेव्हा त्यांनी मोठ्या माणसांसाठी वर्ग काढला. आम्ही तिघी तयार झालो. पण आठवड्यातून एक दिवस पोळ्यांसाठी आणि आणखी एक वर्गासाठी घराबाहेर पडणं कोणालाच जमेना. शनिवारी आम्ही बाया मंडळीच्या स्वयंपाकघरात पोळ्या करतो, सरकारी दवाखान्याबाहेर बसलेल्या पेशंटांच्या नातेवाइकांसाठी. पाळकांच्या बायकोने वर्ग तिथेच आणला. तिला सगळे दीदी म्हणतात. ती तव्यापाशी बसे आणि प्रश्न विचारी. जिची पाळी तिने लाटता लाटता उत्तर द्यायचं. उत्तर बरोबर आलं की दीदी हात पुढे करून पोळी घेई आणि तव्यावर टाकी. चुकलं की पोळी मोडून पुन्हा गोळा.

पुस्तक हिंदीत होतं. मी घरी एकेक उत्तर आधी मराठीत करून घेई, मग हिंदीत पाठ करी. नवरा ऐकत असे.

"आता या वयात कशाला?" एकदा त्यांनी विचारलं.

"मला पुढे जायचंय."

"कुठे पुढे?"

"कठड्यापर्यंत."

त्यांनी पुस्तक उचलून पुढचं पान काढलं. मग म्हणाले, "मग जा की."

आम्हा तिघींत एक बबीन्याच्या छावणीतली बाई होती. नवरा फौजेतून निवृत्त झालेला, तिचा आवाजही परेडीतला. मी पोळपाटाकडे बघत हळू बोलायची, तर ती म्हणायची, "जिज्जी, रोटी से बात कर रही हो कि हमसे?" पण माझ्या पोळ्या फार मोडल्या नाहीत.

ठरलेल्या रविवारी आम्हा तिघींना पुढे उभं केलं. पाळकांनी मला शेजाऱ्याबद्दलची आज्ञा विचारली. ती मला झोपेतही येत होती. पण समोर सगळे चेहरे होते, आणि हात कुठे ठेवावेत ते कळेना. वर पंखा कुरकुरत होता. पाळकांनी पुन्हा विचारलं, पहिल्यापेक्षा हळू. मी फरशीकडे बघत राहिले. शेवटी ते म्हणाले, "बैठिए बहनजी, फिर कभी."

बाकीच्या दोघींचं झालं. मग प्रभुभोजन. बबीन्याच्या बाईला पर्स कुठे ठेवावी सुचेना, तिनेही ती माझ्याच मांडीवर ठेवली.

नंतर अंगणात चहा होता. ती सरळ पाळकांकडे गेली. "पादरी साहब, इन्हें सब आता है। हाथ में बेलन नहीं था, बस।"

लोक हसले. मंडळीचे एक वडील, म्हणजे कारभार बघणाऱ्यांपैकी, निवृत्त मास्तर, ते हसले नाहीत. "दृढीकरण की परीक्षा मंडली के सामने होती है," ते म्हणाले. "रसोई में नहीं।"

पाळकांनी कप खाली ठेवला. "तो मंडली रसोई में आएगी, बाबूजी।"

पुढच्या शनिवारी पोळ्यांना कधी नव्हे इतके लोक आले. बघायलाच आले होते. वडील दारात नाकाला रुमाल लावून उभे राहिले. बबीन्याच्या बाईने त्यांच्या हातात कणीक दिली. "बाबूजी, यहाँ खाली हाथ कोई नहीं खड़ा होता।" ते बसले आणि गोळे करू लागले. पाळक दीदीच्या बाजूला बसले होते.

मी मान वर केली नाही. पाळकांनी आज्ञा विचारल्या, विश्वासांगीकार विचारला. मी लाटत गेले. शेजाऱ्याच्या आज्ञेला अर्ध्यात मराठी सुरू झाली. दीदीला मराठी फारशी येत नाही. तिने पाळकांकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, पोळी तव्यावर गेली.

मग वडिलांनी विचारलं, "और कठघरे तक कौन आए?"

कठड्यापर्यंत कोणी यावं, हा प्रश्न पुस्तकात होता, पण शेवटी, आणि उत्तर लांब होतं. मी पोळी पूर्ण लाटली. कडा पुन्हा एकदा फिरवून घेतली.

"जिसको लगे कि यह मेरे लिए भी है, वह आए," मी म्हटलं. बाकीचे शब्द आठवत होते, पण म्हटले नाहीत.

दीदीने हात पुढे केला नाही. ती वडिलांकडे बघत होती. सगळेच बघत होते. त्यांचे हात कणकेने भरले होते. ते थोडे पुढे सरकले, माझ्या पोळपाटावरची पोळी उचलली आणि स्वतःच तव्यावर टाकली. ती एका बाजूने दुमडली. दीदीने ती चिमट्याने सरळ केली.

त्या दिवशी पोळ्या जाड झाल्या, कारण वडिलांचे गोळे मोठे होते. दवाखान्याबाहेर एका म्हाताऱ्याने एक घेतली, दाबून बघितली आणि म्हणाला, "आज एक में ही पेट भर जाएगा।"

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकांनी उपासनेच्या सुरुवातीलाच डोक्यावर हात ठेवून माझं दृढीकरण केलं. मग प्रभुभोजनाचं बोलावणं झालं. बाया उठल्या आणि सवयीने पर्स माझ्या मांडीवर पडल्या. मी त्या एकेक करून बाकावर ठेवल्या आणि उठले.

"अरे, और पर्स?" मागून कोणीतरी म्हणालं.

"राहू देत तिथेच," मी म्हटलं. ते मराठीत निघालं. ती बाई क्षणभर घुटमळली, पर्स काखेत मारली आणि माझ्या मागे रांगेत आली.