अक्कांच्या विहिरीचा पत्ता

स्टाफरूममध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. माझी मराठी इथली, बसवनगुडीची, कन्नडात मुरलेली. तिची पुण्याची, निम्मी इंग्रजी. मी ‘जरा थांब’ऐवजी ‘स्वल्प थांब’ म्हटलं की ती हसायची, आणि मला त्याचा राग यायचा नाही. डबा खाता खाता आम्ही सगळ्यांच्या तोंडावर सगळ्यांची उणीदुणी काढायचो, कुणाला काही कळायचं नाही. मला बहीण नाही. ती आता मिळाली, असं मी घरी सांगितलं होतं. एवढी मी खुळी.

कोरमंगलाला शिक्षकांसाठी दोन दिवसांचं शिबिर झालं. ऑनलाइन नकाशे कसे करायचे, त्यांवर फोटो कसे चढवायचे, ते शिकवलं. ती कॉम्प्युटर शिकवते, मी इतिहास-भूगोल. परतताना ऑटोतच ठरलं: आठवीच्या मुलांनी आपल्या भागातल्या जुन्या विहिरी शोधायच्या, फोटो काढायचे आणि नकाशावर खुणा करायच्या.

सगळ्यांत देखणी विहीर निघाली दोन रस्ते पलीकडच्या अक्कांची. अक्का सत्तरीच्या पुढच्या, एकट्या, आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरातल्या. त्या मुलांना आत घ्यायला तयार नव्हत्या. उन्हाळा कडक होता, बोअरवेल आटत चालल्या होत्या, आणि अक्कांच्या विहिरीवर शेजारची तीन घरं गुपचूप पाणी भरत होती. त्याहून जास्त ती विहीर देणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, अक्का, हा नकाशा फक्त वर्गातली मुलं बघणार, माझा शब्द. तेव्हा कुठे त्यांनी फाटक उघडलं. मुलांना पाणी शेंदून दाखवलं, वर मुगाच्या डाळीची कोसंबरी खायला घातली. मुलांनी त्यांच्या विहिरीचा हाताने रंगवलेला छोटा नकाशा त्यांना दिला, तो त्यांनी घराच्या दाराला चिकटवला.

ऑनलाइन नकाशा मी वर्गापुरताच ठेवला होता. त्यात बदल करायची मुभा माझ्याशिवाय एकीलाच होती. कुणाला, ते सांगायला नको.

पंधरा दिवसांनी सकाळी शाळेत जाताना, स्कूटरला दोन कॅन बांधलेला एक माणूस माझ्यापाशी थांबला. ही विहीर कुठे येते, असं त्याने कन्नडात विचारलं आणि फोन पुढे धरला. नकाशा माझाच. माझ्या विद्यार्थिनीने काढलेला फोटो, खाली मी लिहिलेल्या ओळी, आणि दोर धरलेला अक्कांचा हात. मी चक्क उलट्या दिशेला बोट दाखवलं. त्याने फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तो बरोबर दिशेने निघून गेला.

स्टाफरूममध्ये तिला गाठलं. तिने मानही वर केली नाही. शिक्षकांच्या कुठल्याशा स्पर्धेला नकाशा पाठवायचा होता, तिथे तो सगळ्यांना खुला असावा लागतो, म्हणून तिने आठवड्यापूर्वीच तो खुला केला होता. आणि करणारी म्हणून नाव फक्त तिचं.

“अगं, विहीरच आहे ना,” ती म्हणाली. “कुणाची बेडरूम थोडीच दाखवलीय?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग मी तिला जे बोलले ते कन्नडात बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून.

लगेच बसून मी ती खूण काढून टाकली, फोटो काढून टाकले. पण तोवर ते कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरले होते.

संध्याकाळी अक्कांकडे गेले. फाटकाला साखळी, विहिरीवर पत्रा. अक्का फाटकापाशी आल्या, पण त्यांनी ते उघडलं नाही. दारात आलेल्याला पाणी नाही असं मी जन्मात म्हटलं नव्हतं, त्या म्हणाल्या. दोन दिवस त्यांनी येईल त्याला भरू दिलं. तिसऱ्या दिवशी बादलीत चिखल आला, तेव्हा नाही म्हणावं लागलं. आता ती तीन घरंही टँकरची वाट बघत होती.

मी सगळं सांगितलं. त्या बाईने माझा केसाने गळा कसा कापला, माझं नावसुद्धा कसं पुसलं, सगळं. सांगता सांगता मला रडू फुटलं. अक्कांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“ती बाई माझ्या दारात आली नव्हती,” त्या म्हणाल्या. “तू आली होतीस.”

मग त्या माघारी गेल्या, दारावरचा मुलांचा नकाशा कोपरे न फाडता सोडवला, आणि फाटकाच्या गजांतून माझ्या हातात दिला.