चिमणाआक्काचा झिम्मा

पंचमीच्या आधी महिनाभर आमच्या गल्लीत झिम्मा रंगायचा आणि तो चालवायची चिमणाआक्का. रिंगणात कोण कुणासमोर उभी राहील, टाळी कधी बदलायची, दमलेल्या पोरीला कधी बाहेर बसवायचं, सगळं तीच बघायची. बायडाबाई महिला मंडळाची अध्यक्ष, पण रिंगणात तीसुद्धा आक्काचं ऐकायची. चौऱ्याण्णव साली मी लग्न होऊन आले, तेव्हा भिंतीला चिकटून उभी होते. आक्कानं दंडाला धरून आत ओढलं.

"लाजतीस कशाला? चुकलीस तर मी हाय की."

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात तिचे मालक गेले. कागलच्या एमआयडीसीत कामावरच छातीत कळ आली. त्या वर्षी झिम्मा सुरू झाला आणि आक्काला कुणीच हाक मारली नाही. तसं कुणी ठरवलं नव्हतं. फक्त तिच्या दारात कुणी गेलं नाही.

पुढच्या वर्षी शहरात झिम्म्याची स्पर्धा निघाली. आमची तर टाळीसुद्धा जुळेना. मग बायडाबाई आम्हाला घेऊन आक्काकडं गेली. आक्कानं पंधरा दिवस परसात आमच्याकडून घाम निघेपर्यंत करून घेतलं. एका शब्दानं जुनं काढलं नाही.

आमचा पहिला नंबर आला. माईकवरनं पुकारलं, "शिकवणाऱ्या ताईंनी वर यावं, ओटी भरायची आहे."

आक्का पदर सावरत उठली. बायडाबाईनं तिच्या हाताला धरलं आणि हळूच म्हणाली, "तुमी बसा आक्का. ओटीचं हाय." आणि स्वतः स्टेजवर गेली.

आक्का शेजारीच होती. मी खाली बघत राहिले.

त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही परत तिच्या दारात. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गाणी इसारली म्या."

"आसं कसं, आक्का?"

"मालकांबरूबर गेली म्हणा. तुमाला तेच पटंल."

नंतर आम्ही स्पीकर लावून नाचू लागलो.

दोन हजार आठला आक्का इचलकरंजीला लेकीकडं कायमची निघाली. रिक्षात बोचकी ठेवताना मी कसंबसं म्हणाले, "आक्का, त्या दिवशी मी बोलाय पायजे हुतं."

"व्हय," ती म्हणाली. "बोलाय पायजे हुतंस."

आणि रिक्षावाल्याला चल म्हणाली.