पमाशिवाय लोफोटेन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्ही मला ओळखत नाही, त्यामुळे तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही वाटत नाहीये — पण आता सुरुवात केलीच आहे.

मी बोईसरला राहते. एमआयडीसीत औषधांच्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे, बरीच वर्षं. पन्नाशी उलटली. सांगण्यासारखा एकच छंद, डोंगर चढण्याचा. आणि मैत्रीणही खरं तर एकच, प्रमिला. पमा. पालघरच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. ती केळव्याशेजारच्या माहीमची. माहेर-सासर दोन्ही मच्छीमारांचं, नवऱ्याची बोट आहे आणि ती स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मुलगी पुण्याला नोकरीला. डोंगराचा नाद तिला मीच लावला. आसावा, काळदुर्ग, अशेरी — थंडीतले रविवार आमचे असेच जायचे.

पमाला दमा आहे. फार नाही, पण आहे. पंप खिशात ठेवून चढायची. हळू चढायची, थांबायची, पुन्हा चढायची. वर मात्र पोहोचायची — नेहमी. फक्त सगळ्यांच्या मागून. आणि तिच्याबरोबर मागे राहायचं काम माझं. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण मैत्रीण माझी, तर दुसरं कोण राहणार?

तर — नॉर्वे. नॉर्वेची कल्पना माझी नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर सगळ्यांना ती माझीच वाटली आणि मी कधी दुरुस्त केलं नाही. पमाने मोबाइलवर कुठलातरी फोटो पाहिला होता. बर्फाचे डोंगर थेट समुद्रात उतरलेले, खाली लाल रंगाची लाकडी घरं, आणि घरांपुढे लाकडाच्या उंच मांडवांवर मासे वाळत घातलेले. रविवारी सकाळी तिने मला फोनच केला.

"सुजा, बघ गो, तिकडं पन आपल्यासारकेच मासे सुकवतात! आपण बोंबलाचे जबडे एकमेकांत अडकवतो ना, ते शेपट्या बांधतात. दोन-दोनच! मला ते बगायचं हाय."

त्या जागेचं नाव लोफोटेन. नॉर्वेच्या पार उत्तरेला, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. ती एवढं एक वाक्य बोलली आणि पुढचं सगळं मी हातात घेतलं. मला ते येतं — आखणी करणं. विमानतळावरून भाड्याची गाडी, मग किनाऱ्याकिनाऱ्याने रस्ता, पूल, बोगदे, एक फेरीबोट. मध्ये चार दिवस डोंगरवाट, रात्री लाकडी झोपडीत मुक्काम, पाठीवर सामान. गाडी चालवायला माझ्या कंपनीतला नितीन तयार झाला, त्याची बायको अर्चनाही आली. आम्ही चौघं. जूनचा पहिला पंधरवडा ठरवला, कारण पमाच्या शाळेला तेव्हा सुट्टी असते. निदान तेवढं तरी तिच्यासाठी ठरवलं होतं.

तिच्या घरी जमिनीवर मोठा नकाशा पसरून आम्ही बसायचो. पंख्याने कोपरे उडायचे म्हणून तिने त्यांवर चार कच्चे चिकू ठेवले होते. मी डोंगरवाटा बघायची, ती कोळ्यांची गावं शोधायची. इथे थांबायचं, इथे पण थांबायचं. तिचा नवरा ओट्यावर जाळं शिवत बसलेला असायचा. तो एकदा म्हणाला, "समुद्र बगायला एवढं लांब? आपला काय आटला?" पमा इतकी हसली की तिला पंप घ्यावा लागला.

तिने तयारीही केली. खरीखुरी. बॅगेत तांदळाच्या पिशव्या भरून ती केळव्याच्या वाळूत रोज चालायची. मासे निवडणाऱ्या बाया विचारायच्या, "मास्तरीण, कुटं चालली गो?" ती सांगायची, "नॉर्वेला." पासपोर्ट काढला. आयुष्यातला पहिला.

आता मूळ गोष्टीकडे यायला हवं. मी लांबवतेय, तुमच्या लक्षात आलं असेल.

फेब्रुवारीत आम्ही चौघं सरावासाठी काळदुर्गला गेलो होतो. अर्ध्यावर पमाला धाप लागली. बसली. मी तिच्याजवळ बसले. नितीन-अर्चना पुढे गेले. वरून त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता, हवा स्वच्छ होती, त्या दिवशी वरून थेट समुद्र दिसला म्हणे. "तू जा पुडं, मी येते हळूहळू," पमा म्हणाली. मी म्हटलं, "छे गं, मलाही दम लागलाय." खोटं. मला काहीही दम लागला नव्हता. मी तिथे बसून गवताच्या काड्या मोडत होते आणि मनात एकच चालू होतं — तिकडेही असंच होणार. एवढ्या लांब जाऊनही मी मागेच बसणार. आयुष्यात एकदा जाणार, आणि तेही कुणाच्या तरी श्वासाच्या हिशेबाने.

असं वाटणं हा काही गुन्हा नाही. तेव्हा मी तिला म्हणू शकले असते, पमा, मला तिकडे पुढे चालायचंय, आपण काहीतरी मार्ग काढू. ती काय म्हणाली असती? "जा की मग," म्हणाली असती. एवढंच. आम्ही तीस वर्षांच्या मैत्रिणी. पण मला चांगलंही दिसायचं होतं.

पुढच्या रविवारी पमा माझ्याकडे जेवायला आली होती. डोंगरवाटेसाठी आम्ही तिथली एक गाईड ठरवली होती, इन्ग्रिड नावाची. तिच्याशी फोनवर बोलणं बाकी होतं. इंग्रजी बोलायचं काम माझ्याकडे होतं, पमा त्याला घाबरायची. ती म्हणाली, "तू बोल, मी तवर तुकड्या तळते. आनि माज्या दम्याचं इच्यार हां, लपवू नको." बोलायच्या आधी मी खोलीचं दार लोटून घेतलं. का लोटलं? तळणाचा आवाज येत होता — हे मी स्वतःला दिलेलं कारण.

मी इन्ग्रिडला विचारलं. सगळं नीट सांगितलं — वय, दमा, वेग, पंप. सांगताना थोडं वाढवूनच सांगितलं, हेही कबूल करते. मला ती नाही म्हणायला हवी होती. ती नाही म्हणाली नाही. ती म्हणाली, काही अडचण नाही, असे लोक दरवर्षी येतात. दोन दिवसांची चढण सोपी आहे, त्या चालतील. उरलेले दोन दिवस आमची सामानाची बोट खाडीतून पुढच्या मुक्कामाला जाते, त्यांना त्यात बसवू, संध्याकाळी तुम्ही सगळे एकत्र. औषध जास्तीचं आणा, बस. शिवाय म्हणाली, बोटवाला म्हातारा मासेमारच आहे, त्याला असे पाहुणे आवडतात.

म्हणजे बघा. पमाचीही सोय होती, माझीही होती. मला मागे बसावं लागणार नव्हतं. सगळं सुटलं होतं.

मी फोन ठेवला. दार उघडलं. पमा हातात ताटली घेऊन उभी होती, कपाळावर घाम.

"काय बोलली ती?"

"नाही म्हणाली."

मी हे ठरवून बोलले नाही असं म्हणावंसं वाटतं. पण दार तर मी लोटलं होतं. आणि पुढचं तर ठरवूनच बोलले. "दमा असेल तर नेत नाहीत. तिकडे वर काही झालं तर मदत पोहोचत नाही, म्हणाली. नियम आहे त्यांचा. मी खूप सांगून पाहिलं गं."

ताटली तिने टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "बराबर हाय तिचं. तिला डोंगर म्हाईत. उगाच माज्यापायी सगळ्यांना तरास." आणि मग, "तू नको रद्द करू हां. तू जा. खा, गार होतील."

मी खाल्लं. सुरमई होती. चांगली झाली होती.

का केलं असं? मागे बसावं लागण्याची भीती तर आता उरलीच नव्हती. मी बराच विचार केलाय यावर. मला वाटतं, त्या आठवड्यात मी मनातल्या मनात तिच्याशिवायची ट्रिप पाहून टाकली होती — आणि ती मला आवडली होती. हलकी वाटली होती. एवढंच आहे. यापेक्षा मोठं काही असतं तर सांगितलं असतं.

नितीन-अर्चनालाही मी तेच सांगितलं. अर्चना पमाला भेटायला माहीमला जाऊन आली. निघायच्या आधी पमाने आम्हाला जवळ्याची सुकी चटणी बांधून दिली, घट्ट, वास येणार नाही अशी. आणि ज्या गावात मांडव आहेत त्याचं नाव मला पुन्हा पुन्हा पाठ करायला लावलं.

ट्रिप उत्तम झाली. झाली नाही असं म्हणता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं, पण उत्तम झाली. पाऊस कमी लागला. डोंगराच्या अरुंद धारेवर मी सगळ्यांच्या पुढे चालले, दोन्ही बाजूंना खाली निळं पाणी. एकदाही मागे वळून थांबले नाही. मी आनंदात होते. पूर्ण आनंदात. याचीच मला जास्त लाज वाटते.

पहिल्या दिवशी धक्क्यावर इन्ग्रिड भेटली, तेव्हा हात मिळवताच तिने विचारलं होतं, "तुमच्या मैत्रिणीचं काय झालं? बरी आहे ना ती? मी बोटवाल्याला सांगूनसुद्धा ठेवलं होतं, मग तुमचा तिघांचाच निरोप आला." मी घाईघाईने म्हणाले, तिच्या घरी अडचण आली. नितीन तिथेच बॅगांचे पट्टे आवळत होता. त्याने ऐकलं का, मला माहीत नाही. त्यानंतर तो या विषयावर कधीच बोलला नाही. पण परत आल्यापासून माझ्या टेबलाशी डबा घेऊनही येत नाही.

पमाने पाठ करून घेतलेल्या त्या गावातही थांबलो. बहुतेक मासे उतरवून झाले होते, मांडवावर नुसती डोकी टांगलेली होती, शेकड्यांनी, वाऱ्यावर हलत. मी भरपूर फोटो काढले. माहीमला तिच्या ओट्यावर बसून पमाने ते मोठे करकरून पाहिले, गाठी कशा मारल्यात ते नवऱ्याला दाखवलं, शेजारणींना बोलावलं. "माज्या सुजाने काडलेत," म्हणाली.

इथेच संपलं असतं तर मी कदाचित हे लिहिलं नसतं.

त्या थंडीत मी तिला आसाव्याला चल म्हटलं. ती नको म्हणाली. पुढच्या रविवारीही नको. मग मला कळलं — तिने चढणंच सोडलं होतं. वाळूत चालणंही. तिच्या डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलं होतं, उलट जोर करून सांगितलं होतं. पण पमा म्हणायची, डॉक्टरला दवाखाना म्हाईत, त्या बाईला डोंगर म्हाईत. ती नाय बोलली म्हणजे काय तरी असंल. शाळेत तिने वरच्या मजल्यावरचा वर्ग बदलून खालचा मागून घेतला. वजन वाढलं. पंप आता खिशात नाही, हातातच असतो. जी बाई कधी नाही म्हणालीच नाही, तिच्या शब्दावर माझी मैत्रीण जगत होती. आणि तो शब्द माझा होता.

मी तेव्हा सांगितलं का? नाही.

गेल्या वर्षी तिची मुलगी पुण्याहून आली होती. तिने आईसाठी सिक्कीमचा बेत केला होता. सगळीकडे गाडी जाते, चालायचं थोडंसंच, डॉक्टरांना विचारून, सगळी चौकशी करून. मी तिथेच होते, पमाच्या स्वयंपाकघरात, कोलंबी सोलत. मुलगी म्हणाली, "मावशी, तुम्ही तरी सांगा ना हिला."

पमाने हात धुतले, पदराला पुसले. तिला जायचं होतं, मला दिसत होतं — नकाशावर बोट फिरवताना दिसायचा तसाच तिचा चेहरा झाला होता. मग ती माझ्याकडे वळली.

"सुजा, तू त्या नॉर्वेच्या बाईशी बोललीस ना तवा. तूच सांग. जाऊ काय मी?"

एक शब्द पुरला असता. 'जा' म्हणायला खरं सांगावंही लागलं नसतं. पण ती गेली असती, तिथे नीट चढली असती, नीट परत आली असती — आणि मग कधीतरी तिने विचारलं असतं, मग ती बाई का नाही म्हणाली गो? पहिल्या वेळी मला निदान काहीतरी हवं होतं. या वेळी मला काहीच नको होतं, फक्त तो प्रश्न नको होता.

मी कोलंबीवरून नजर न उचलता म्हणाले, "कशाला उगाच जोखीम, पमा."

"बग," ती मुलीला म्हणाली, "सुजा पन तेच बोलते."

मुलगी मैत्रिणींबरोबर गेली. पमा गेली नाही.