विटकरी रंगाची सकाळ

परवा तपासणीसाठी रक्त द्यायला गेले, तिथल्या स्पिरिटच्या वासाने वसईचं आमचं घर आठवलं. मी शाळेत होते. बाबांना मधुमेह होता. रोज सकाळी स्पिरिटच्या दिव्यावर काचेच्या नळीत निळं औषध घालून ते लघवी तपासत. रंग निळाच राहिला की गुणगुणत केळीच्या वाडीत पाणी लावायला जात. विटकरी झाला की दिवसभर अबोला.

एकदा असेच ते न जेवता वाडीत जाऊन बसले. आई ताट घेऊन मागोमाग गेली.

"साखर वाढली म्हणून माझ्याशी का बोलत नाही?"

"भीती वाटते गं," बाबा म्हणाले.

"मग तेच सांगा ना."

ती शेजारी बसली. बाबा हळूहळू जेवले.

तेव्हा मला ते भांडण वाटलं होतं. आता मधुमेह मला आहे आणि घरात मी एकटी. असं भांडायला कुणीतरी हवं होतं.