दादाच्या मानेवरचा अंगठा

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची गोष्ट. लोणारजवळच्या आमच्या गावात गप्पा ऐकायच्या तर माझ्याच ओट्यावर. मी बोलू लागलो की बैलसुद्धा रवंथ थांबवत. माझा मोठा भाऊ, दादा, मुलखाचा अबोल. त्याला कोणी विचारत नसे. मग तंबाखूनं त्याच्या गालात कर्करोग झाला. नागपूरच्या डॉक्टरांनी अर्धा जबडा आणि मानेतल्या गाठी काढल्या. तो घरी आला आणि माझं राज्य बुडालं.

आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. दूध, तूप, संत्री, सगळं त्याच्या खाटेखाली. त्याला एक शब्द बोलता येत नव्हता, तरी सारा गाव त्याच्या तोंडाकडे पाहत बसे. माझा ओटा ओस. मी असा जळायचो की घरात सरपण लागू नये.

डॉक्टरांनी बजावलं होतं, मानेच्या पट्टीवर रक्ताचा डाग दिसला तर क्षणभर थांबू नका. चौथ्या दिवशी सकाळी मला जांभळाएवढा डाग दिसला. मनात म्हटलं, झालं, आता उरलेला तालुकाही इथंच येणार. मी त्यावर धुतलेलं फडकं गुंडाळलं आणि गप्प राहिलो. दादा माझ्याकडे पाहत होता.

दुपारी वहिनी त्याला पेज पाजत होती. त्याला खोकला आला, आणि मानेतून उडालेली चिळकांडी थेट आढ्याला लागली.

"भाऊजी, धावा," वहिनी एवढंच बोलली.

मी अंगठा त्या भोकात दाबला. मेहकरच्या दवाखान्यापर्यंत, पळत्या बैलगाडीत, तो काढला नाही. अंतर सात कोस. मी वीस सांगतो. तिथल्या डॉक्टरांनी फुटलेली रक्तवाहिनी बांधली. दादा वाचला.

महिन्यानं घरात पुन्हा गर्दी जमली. मी अंगठा उभारून सांगू लागलो, तर शेजारचा म्हातारा म्हणाला, "राहू दे बे. मांगं म्हणे वाघालेबी असाच दाबला होता तू."

सगळे हसले. कोणीतरी दादाच्या हाती पाटी दिली. "तूच सांग, खरं हाये का?"

मला त्या सकाळचं फडकं आठवलं. दादानं सावकाश लिहिलं: 'अंगठा खरा.' फडक्याबद्दल काही लिहिलं नाही. मग पाटी पुसून टाकली.

"पाहा, एवढ्या दुखण्यात भावाची बाजू घेऊन राह्यला," म्हातारा म्हणाला. "लय मोठ्या मनाचा माणूस."

अंगठ्याकडे कोणी पाहिलंच नाही. तेव्हापासून मी दादाच्या मोठ्या मनावरही जळू लागलो.